वॅटचा रकाना आहे, तासांचा कुठे आहे?

"पीएचडी कशात करतेस?" या प्रश्नाला मी आता एक ठरलेलं उत्तर देते : "मीटिंग रूम रिकामी असताना किती वीज खाते, यात." समोरचा माणूस हसतो. मग मी विचारते, तुमच्या ऑफिसातली मीटिंग रूम दिवसातून किती तास वापरात असते? चार? पाच? म्हणजे उरलेले एकोणीस-वीस तास ती रिकामी असते. कधीतरी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या खोलीतल्या स्क्रीनखालचं कपाट उघडून आत हात घाला. आतली हवा कोमट लागेल. ती ऊब कुणाच्या तरी वीजबिलात मोजली जातेय.

माझा विषय आहे एव्ही, म्हणजे ऑडिओ-व्हिज्युअल यंत्रणा. स्क्रीन, प्रोजेक्टर, छतातले माइक, स्पीकर, कॅमेरा, आणि या सगळ्यांना जोडणारी कपाटातली खोकी. आज ही यंत्रणा कागदावर कुणी आखत नाही. त्यासाठी खास सॉफ्टवेअर असतं. डी-टूल्स, एक्सटेन-एव्ही ही त्यातली काही नावं. कॅटलॉगमधून वस्तू उचलायची, आराखड्यात टाकायची, जोडण्या काढायच्या. खाली सामानाची यादी आणि कोटेशन आपोआप तयार. प्रत्येक वस्तूबरोबर तिची माहितीही येते : किंमत, वजन, रॅकमधली उंची, वीज किती वॅट, उष्णता किती. अलीकडे त्यात एक नवी मागणी जोडली गेलीय. वॅटची नुसती बेरीज नको, वर्षाची युनिट सांगा, कार्बन सांगा, यंत्रणा 'शाश्वत' आहे का ते सांगा.

मागणी चांगली आहे. मला तर आनंदच व्हायला हवा, कारण माझा प्रबंधच यावर आहे. तरीही आजचा लेख टीकेचा आहे. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नाही, तर हा आकडा काढण्याच्या रूढ पद्धतीवर. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते : आपण वॅटचा रकाना काळजीपूर्वक भरतो आणि तासांचा रकाना ठेवतच नाही, त्यामुळे बेरीज बरोबर दिसली तरी तिच्यावरून घेतलेला निर्णय चुकतो. आता सावकाश बघू.

कुठले वॅट?

आधी वॅटचीच गोष्ट. यंत्राच्या पाठीमागे जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात. डेटाशीटमध्ये बहुतेकदा हाच आकडा असतो आणि तिथून तो सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये जातो. पण हा आकडा लिहिला कुणासाठी? इलेक्ट्रिशियनसाठी. वायर किती जाडीची घ्यायची, एमसीबी किती अँपिअरचा बसवायचा, हे ठरवताना जास्तीत जास्त किती ओढ लागेल ते माहीत हवं. त्या कामासाठी पट्टीवरचा आकडा योग्यच आहे, त्याला हात लावू नये. रोजच्या वापरात यंत्र किती घेतं, हा प्रश्न त्या पट्टीला कुणी विचारलेलाच नव्हता.

ॲम्प्लिफायरचं उदाहरण घ्या. बोलण्याचा किंवा संगीताचा आवाज सतत एकाच पातळीवर नसतो. क्षणभर उसळतो आणि खाली येतो. म्हणून ॲम्प्लिफायर किती वीज ओढतो हे सांगताना बरेच उत्पादक पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर मोजलेला आकडा देतात. म्हणजे याच धंद्यात एका यंत्रापुरतं हे शहाणपण आधीपासून आहे. पण काही डेटाशीटमध्ये पूर्ण ताकदीचा आकडा ठळक असतो आणि एक अष्टमांशाचा खाली बारीक अक्षरात. कॅटलॉग भरणाऱ्या माणसाने कुठला उचलला, हे आराखडा काढणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

त्याहून गमतीची चूक स्पीकरची. साध्या स्पीकरवर '१०० वॅट' लिहिलेलं असतं, ते तो किती ताकद सहन करू शकतो हे सांगायला. तो भिंतीतल्या प्लगला जोडलेलाच नसतो. त्याला जे मिळतं ते ॲम्प्लिफायरकडून. हे १०० वॅट वीजवापराच्या रकान्यात पडले, की आठ स्पीकरच्या वर्गात ८०० वॅट हवेतून येतात. अनुभवी माणूस हसून ते पुसेल. नवशिका पुसणार नाही, कारण सॉफ्टवेअरने बेरीज करून दाखवलीय.

तिसरी चूक मात्र अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. हल्ली कॅमेरा, माइक, टचपॅनेल यांना वेगळी वीज जोडत नाहीत. नेटवर्कच्या केबलमधूनच त्यांना वीज मिळते आणि ती पुरवतो रॅकमधला नेटवर्क स्विच. समजा, त्या स्विचची अशी वीज पुरवण्याची कमाल क्षमता ३७० वॅट आहे. त्याच्या पट्टीवरच्या आकड्यात हे ३७० धरलेले असतात. आता त्याच्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे, माइकचे, टचपॅनेलचे वॅट कॅटलॉगमधून वेगळे येतात. बेरीज केली, की तीच वीज दोनदा मोजली गेली. उष्णतेचा हिशोबही बिघडतो. स्विचचे सगळे वॅट रॅकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतात असं धरलं, तर रॅकच्या खोलीसाठी मोठा एसी लागेल. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी वीज केबलमधून छतातल्या माइकपर्यंत गेलेली असते आणि तिथली हवा गरम करत असते.

"जास्तीचा आकडा धरला तर बिघडलं काय? सुरक्षितच ना?" असं तुम्ही म्हणाल. वायरिंगपुरतं हो. पण याच बेरजेवरून यूपीएस ठरतो आणि याच बेरजेवरून एसी. गरजेपेक्षा खूप मोठा यूपीएस कायम थोड्याशा भारावर चालतो, आणि कमी भारावर त्याची कार्यक्षमता घटते. एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. नसलेल्या उष्णतेसाठी एक टन जास्त घेतला, तर त्याची किंमत, त्याची जागा आणि त्याची देखभाल खरीखुरी असते. मोजताना दाखवलेली सावधगिरी शेवटी पैसे आणि वीज दोन्ही खाते.

तेच ८० वॅट

आता मूळ मुद्दा, तास. यासाठी एक काल्पनिक खोली घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत, हिशोब तुम्ही स्वतः करून बघा.

एका संस्थेची मीटिंग रूम. यंत्रणा चालू असताना सगळी मिळून ६०० वॅट घेते. मीटिंग संपली, स्क्रीन काळ्या झाल्या, लोक निघून गेले, की १४० वॅट घेते. हे १४० कोण घेतं? ध्वनीवर प्रक्रिया करणारं खोकं, कंट्रोल प्रोसेसर, नेटवर्क स्विच, व्हिडिओ कॉलचं यंत्र, झोपलेला ॲम्प्लिफायर, भिंतीवरचं टचपॅनेल. खोली वर्षातून २५० दिवस, रोज चार तास वापरात. म्हणजे १,००० तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. उरले ७,७६०.

चालू असताना : ६०० वॅट गुणिले १,००० तास, म्हणजे ६०० युनिट.
'बंद' असताना : १४० वॅट गुणिले ७,७६० तास, म्हणजे सुमारे १,०८६ युनिट.

एकूण १,६८६ युनिट. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश वीज खोलीत कुणी नसताना गेली.

आता रूढ पद्धतीचा हिशोब. पट्टीवरचे वॅट धरून बेरीज, समजा, १,००० वॅट. कामाचे दिवस २५०, रोज आठ तास, म्हणजे २,००० तास. गुणाकार २,००० युनिट. गंमत बघा : आकडा फारसा चुकलेला नाही! एका बाजूने वॅट फुगवले, दुसऱ्या बाजूने रात्रीचे तास विसरले, आणि दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं. वर्षअखेर कुणी मीटर बघितलाच, तर म्हणेल, "वा, सॉफ्टवेअर बऱ्यापैकी जवळ आलं की."

धोका इथेच आहे. समजा, तुम्ही आराखडा काढताय आणि तुम्हाला वीज वाचवायचीय. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, जास्त कार्यक्षम स्क्रीन घेणं, ज्याने चालू असतानाचे ८० वॅट कमी होतील. दुसरा, खोली रिकामी असताना निम्मी खोकी खरोखर झोपतील अशी योजना करणं, ज्याने झोपेतले ८० वॅट कमी होतील. दोन्हीकडे तेच ८० वॅट.

पहिल्या पर्यायाने वर्षाला ८० युनिट वाचतात. दुसऱ्याने सुमारे ६२० युनिट. जवळपास आठपट फरक. आणि सॉफ्टवेअर काय दाखवतं? स्क्रीन बदलली तर २,००० तासांच्या हिशोबाने १६० युनिट बचत. झोपेची योजना केली तर शून्य. कारण झोपेचे वॅट भरायला रकाना नाही आणि रात्रीचे तास मोजायला जागा नाही. म्हणजे जो पर्याय निवडायला हवा, तोच या पडद्यावर अदृश्य आहे. आणि जो दिसतो, त्यासाठी नवी महागडी स्क्रीन विकत घ्यावी लागते. हा योगायोग विक्रेत्याला मुळीच खटकणार नाही!

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही

झोपेतल्या विजेचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये प्रस्ताव मांडला होता, की प्रत्येक उपकरणाने स्टँडबायमध्ये एक वॅटपेक्षा जास्त घेऊ नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती कल्पना उचलली. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने घरगुती आणि ऑफिसच्या उपकरणांना २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट अशी साध्या स्टँडबायची मर्यादा घातली. तुमच्या टीव्हीचा लाल दिवा आज किरकोळ वीज घेतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पण नेटवर्कवर सतत जागं राहणाऱ्या उपकरणांना तिथे जास्त सूट मिळाली, आणि एव्हीची खोकी सगळी त्याच जातीची. त्यांना रात्री अपडेट घ्यायचे असतात, दूरवरून कुणीतरी 'सगळं ठीक आहे ना' विचारलं तर उत्तर द्यायचं असतं, सकाळी बटण दाबल्यावर दोन सेकंदांत उठायचं असतं. दारावरच्या रखवालदारासारखी ती कायम डोळे उघडे ठेवून बसतात.

एव्ही व्यवसायालाही हे ठाऊक होतं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, जिचं नाव आज अविक्सा आहे आणि तेव्हा इन्फोकॉम होतं, २०१२ मध्ये एव्ही यंत्रणांच्या ऊर्जा-व्यवस्थापनाचं मानकच प्रसिद्ध केलं. त्याचा भर एकदाच बेरीज करून मोकळं होण्यावर नाही. यंत्रणेचा वीजवापर सतत कसा सांभाळायचा, याच्या प्रक्रिया आणि अटी त्यात आहेत. म्हणजे व्यवसायाचं मानक व्यवस्थापनाबद्दल बोलतं आणि आराखड्याचं साधन अजून बेरजेत अडकलेलं आहे.

मामा आणि बटणावरचा कागद

हा फरक मला पुस्तकात नाही, एका कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये कळला. तिथले शिपाई मामा रोज संध्याकाळी दिवे-पंखे बंद करताना रॅकचंही मेन बटण बंद करायचे. आयुष्यभर वीज वाचवत आलेला माणूस. सकाळी बटण चालू केलं, की खोकी वाटेल त्या क्रमाने उठायची, माइक सापडायचे नाहीत, पाहुणे खोळंबायचे. शेवटी कुणीतरी बटणावर कागद चिकटवला : 'हे बटण बंद करू नये'. मामांनी मला तो कागद दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं मोठं मशीन आणि त्याला झोपता येत नाही?"

माझ्या प्रबंधाचा प्रश्न यापेक्षा नेमक्या शब्दांत मला आजवर मांडता आलेला नाही.

त्या हॉलचा आराखडाही असल्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर निघाला असणार. त्यात वॅटची बेरीज असेल, उष्णता असेल, प्रत्येक केबलला क्रमांक असेल. पण कुठलं खोकं आधी झोपेल, कुठलं सगळ्यात शेवटी, सकाळी कोण आधी उठेल, हे लिहायला जागा नसेल. हे क्रमवार चालू-बंद करणारी उपकरणं बाजारात मिळतात, महाग नसतात. पण आराखड्यात ज्याला रकाना नाही ते कोटेशनमध्ये येत नाही, आणि जे कोटेशनमध्ये नाही ते भिंतीवर कधीच लागत नाही. मग मामांच्या वाट्याला कागद येतो.

कार्बनचा रकाना

आता सगळ्यात चमकदार रकाना. युनिटला एका आकड्याने गुणलं की कार्बन मिळतो. हा आकडा देशागणिक बदलतो. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी तो प्रसिद्ध करतं; अलीकडच्या वर्षांत तो एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. फ्रान्समध्ये अणुऊर्जेमुळे तो याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भरतो. म्हणजे आपली वरची खोली भारतात वर्षाला जवळजवळ १,२०० किलोची, आणि तीच खोली फ्रान्समध्ये १२० किलोच्या आतली. सॉफ्टवेअरने कुठल्या देशाचा आणि कुठल्या वर्षाचा गुणक धरला, हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर तो रकाना शोभेचा आहे.

दुसरी बाजू यंत्र बनवताना झालेल्या कार्बनची. खाणीतून धातू काढणं, चिप बनवणं, जहाजातून आणणं. ब्रिटनमधल्या इमारत-सेवा अभियंत्यांच्या 'सिब्से' या संस्थेने उत्पादकाकडे पूर्ण माहिती नसेल तेव्हा याचा अंदाज कसा काढायचा, त्याची पद्धत २०२१ मध्ये दिली. पण अंदाज काढायलाही यंत्रात कुठली सामग्री किती आहे ते कळावं लागतं, आणि एव्हीच्या बहुतेक यंत्रांबाबत तो रकाना रिकामा असतो. रिकाम्या रकान्याचं स्प्रेडशीटच्या बेरजेत काय होतं? तो शून्य धरला जातो. ज्या उत्पादकाने प्रामाणिकपणे आकडा दिला त्याचं यंत्र 'घाणेरडं' दिसतं, आणि ज्याने काहीच सांगितलं नाही त्याचं 'स्वच्छ'. गप्प बसणाऱ्याला बक्षीस देणारा हा हिशोब आहे.

यात खरंच कुणाचं काय जातं? सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल सक्तीचा आहे. त्यातली एकूण वीज बिलावरून येते, ती खरी असते. पण 'नव्या यंत्रणेमुळे इतकी बचत होईल' हा दावा आराखड्याच्या टप्प्यावर होतो, आणि तो म्हणजे एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा केलेला. जुन्या यंत्रणेचे वॅट पट्टीवरून घेतले आणि नव्याचे मोजून, तर काहीही न करता बचत निघते. त्या बचतीच्या नावाने चालू स्थितीतलं सामान भंगारात जातं.

मग काय हवं?

टीका केली की उपाय सांगावा लागतो, गाइड मलाही तेच ऐकवतात. माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक यंत्राला वॅटचे तीन रकाने हवेत : कमाल, नेहमीचे आणि झोपेतले. वायरिंगसाठी पहिला वापरा, वीजबिलासाठी उरलेले दोन. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला तेवढी खूण हवी : पट्टीवरचा, मोजलेला, की अंदाजे. माहिती नसेल तिथे 'माहीत नाही' असं लिहून यावं, आणि बेरजेच्या खाली 'इतक्या वस्तूंची माहिती नाही' हेही छापलं जावं. केबलमधून वीज घेणारी यंत्रं ओळखून ती दोनदा मोजू नयेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आराखडा सुरू होण्याआधी सॉफ्टवेअरने एक प्रश्न विचारावा : ही खोली रोज किती तास वापरणार, आणि उरलेल्या वेळात ती कोण बंद करणार?

शेवटचा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, म्हणून तो गाळला जातो. पण त्याचं उत्तर ग्राहकाबरोबर बसून लिहावं लागलं, तर मामांचं नाव पहिल्यांदा आराखड्यात येईल.

"एसीच्या मानाने ही वीज किती ती!" हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. एका खोलीपुरता तो खरा आहे. पण ही वीज वर्षाचे ३६५ दिवस जाते, प्रत्येक खोलीत जाते, आणि रॅकच्या खोलीत तिची उष्णता काढायला तोच एसी रात्रभर चालतो. शिवाय ही वाचवताना कुणाला उकडत नाही, कुणाचं काम अडत नाही. इतकी बिनकष्टाची बचत शोधून सापडणार नाही.

जाता जाता एक आकडा लक्षात ठेवा. वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे ८.७६ युनिट, ढोबळमानाने नऊ. आज रात्री झोपण्याआधी घरातला सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, टीव्हीशेजारचा स्पीकर, जे जे कोमट लागतं त्याला हात लावून बघा. साधं प्लगमध्ये लावायचं मीटर मिळालं तर वॅट मोजा आणि नऊने गुणा. मग उद्या कुणी तुम्हाला 'हरित' मीटिंग रूमचा आराखडा दाखवला, तर वॅटची बेरीज ऐकून घ्या, आणि शांतपणे विचारा, "तास कुठे लिहिलेत?"